खांद्याआडची खूण

शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी कॉम्प्युटरवर एखाद्या गोष्टीचं थ्रीडी मॉडेल करायचं होतं. वर्गातल्या बहुतेक मुलांनी गाड्या निवडल्या. एकाने तळ्यातलं देऊळ घेतलं, दोघींनी मिळून एक आधुनिक स्वयंपाकघर. मी दुसऱ्या महायुद्धातलं बॉम्बर विमान निवडलं. सरांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "झेपेल का?" मी म्हणाले, "बघते सर." मागच्या बाकावरून कुणीतरी "पायलट मॅडम" म्हणालं आणि तेच नाव मला चिकटलं. खरं तर मला विमानांची आवड नव्हती. विमान मी अजूनही जवळून पाहिलेलं नाही.

सरांनी आम्हाला एका गटाची वेबसाइट दाखवली होती. निरनिराळ्या देशांतली हौशी माणसं मिळून एक जुनं ब्रिटिश विमान कॉम्प्युटरवर जसंच्या तसं उभं करत होती. त्या जातीचं कुठलंही विमान त्यांना चालणार नव्हतं. त्यांना एकच, ठरावीक विमान हवं होतं, युद्धातल्या एका उन्हाळ्यात ते जसं दिसत होतं तसं. पुढे ते एका रात्री गेलं आणि परत आलं नाही, म्हणून आता ते फक्त फोटोंत आहे. ज्यांना काम करायचं असेल त्यांनी एकेक भाग घ्यावा, असं तिथे लिहिलं होतं. खाली कारखान्यातला एक फोटो होता. अर्धवट बांधलेलं विमान, धातूच्या पट्ट्या दुरडीसारख्या तिरप्या विणलेल्या, आणि त्या जाळीवर ताणून बसवलेलं कापड. मी तिथेच थांबले. विमान कापडाचंही असू शकतं हे मला माहीत नव्हतं.

आमच्या घरात कापडाशिवाय दुसरा विषय नसतो. पप्पा अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात लूम चालवतात. आई घरी मशीनवर टॉवेलांच्या कडा दुमडून शिवते. बाहेरच्या खोलीत टॉवेलांचे गठ्ठे खिडकीपर्यंत रचलेले असतात आणि त्या गठ्ठ्यांच्या मधल्या जागेत माझं टेबल आहे. कॉलेजात जाणारी घरातली मी पहिलीच. त्यामुळे मी नेमकं काय शिकते हे घरात कुणाला नीट सांगता येत नाही, मलासुद्धा. पप्पांनी कारखान्यात सांगून टाकलं, "पोरगी कंप्युटरवर इमान करायलीय." त्यांचे एक जोडीदार रस्त्यात भेटले की हमखास विचारायचे, "मग आमाला कवा बसवणार इमानात?" पप्पा म्हणायचे, "आदी तिकीट काढ की."

बारावीनंतर आमच्या गल्लीतल्या माझ्या मैत्रिणी एकेक करून लग्न होऊन गेल्या. कॉलेजातल्या मुली वाईट नव्हत्या. पण त्यांच्या बोलण्यात आपण कुठे शिरायचं ते मला कळायचं नाही, आणि कळेपर्यंत विषय बदललेला असायचा. मधल्या सुट्टीत मी लॅबमध्ये बसून राहायचे. लॅब बंद असली तर जिन्यात. असं असताना त्या गटातली, दूर कुठेतरी बसलेली चार माणसं मला लिहून विचारत होती, की मागच्या चाकाजवळची शिवण तू कुठल्या फोटोवरून घेतलीस. कुणीतरी मला काही विचारत होतं, याचंच मला फार अप्रूप होतं.

गटाचं सगळं पाहणारे एक निवृत्त गृहस्थ इंग्लंडमध्ये राहतात. त्यांनी पहिल्या मेलमध्ये मला 'प्रिय सर' लिहिलं. दुरुस्त करायला हवं होतं, पण इंग्रजीत ते कसं लिहावं, उद्धट तर वाटणार नाही ना, असा विचार करता करता ते राहूनच गेलं. पुढे ठरलेल्या व्हिडिओ कॉलवर ते कळणारच होतं. कॉलच्या दिवशी मी ओढणी नीट घेऊन, मागे गठ्ठे दिसू नयेत म्हणून चादर टांगून बसले. आणि नेमका तेव्हाच बाहेर गलका झाला.

"अगं ए, पाणी आलंय! उठ की!"

"आई, थांब ना जरा. कॉल हाय माझा."

"कॉल ऱ्हाऊ दे तुजा. चार दिवसांनी आलंय, परत जाईल. पाईप धर हिकडं!"

मी पाईप धरला. परत येऊन बसले तेव्हा कॉल संपत आला होता. त्या गृहस्थांचा पांढरा, लांबट चेहरा पडद्यावर होता. ते हसून म्हणाले, "अच्छा, तुम्ही आहात होय. सगळं ठीक आहे ना?" मी म्हणाले, "येस सर. वॉटर केम." त्यांना काय समजलं कोण जाणे. पुढच्या मेलमध्ये मात्र 'प्रिय मिस' असं आलं.

माझ्याकडे पहिल्यांदा विमानाच्या धडाचा शेपटीकडचा भाग आला होता. त्यावर कापड बसवायचं होतं. ते काम मला सगळ्यात सोपं वाटलं. मी आईच्या गठ्ठ्यातल्या टॉवेलाची सपाट पट्टी, जिथे धाग्यांची मऊ लव नसते ती, खिडकीपाशी नेऊन फोटो काढला. तोच विणीचा नमुना धडावर पसरला. उभा धागा, आडवा धागा, सगळं स्वच्छ दिसत होतं. मी खूश होऊन पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. काम स्वच्छ आहे, जाळीची मापं बरोबर आहेत, पण विमान अंघोळीला निघाल्यासारखं दिसतंय.

मला खूप वेळ हसू आलं नाही. मग कळलं तेव्हा आलं. घरी आई एकेक टॉवेल उजेडासमोर नाकापाशी धरून तुटका धागा शोधते. मीही लहानपणापासून कापड तसंच पाहिलंय, नाकापाशी धरून. विमानाकडे कुणी नाकापाशी धरून बघत नाही. त्या गृहस्थांनी लांबलचक समजावून लिहिलं. ते कापड तागासारख्या झाडाच्या धाग्याचं असायचं. जाळीवर बसवल्यावर त्याला एका चिकट द्रवाचे हात देत, त्याने ते आक्रसून ढोलकीच्या कातड्यासारखं ताठ व्हायचं. वर रंगाचे थर. चार पावलं मागे गेलं की वीण दिसतच नाही, फक्त जाळीचे उंचवटे दिसतात आणि शिवणीवर चिकटवलेल्या पट्ट्या. मग मी वीण जवळजवळ पुसून टाकली. तिला पुसताना जरा वाईट वाटलं.

त्यानंतर मी ते काम नेटाने केलं. उन्हाळ्यात पत्र्याखाली लॅपटॉप तापून बंद पडायचा, म्हणून सकाळी लवकर बसायचे. पप्पा रात्रपाळीवरून येऊन आत झोपलेले असायचे, आईची मशीन बंद असायची. त्या वेळी घरात मी आणि ते विमान, एवढेच जागे. त्याच्या कापडावर बाजूच्या खिडकीखाली एक चौकोनी ठिगळ होतं. गोळी लागली असेल किंवा कुणी शिडी आपटली असेल. त्या ठिगळाच्या कडा नागमोडी कापलेल्या होत्या, धागे सुटू नयेत म्हणून. ते ठिगळ मी फोटोवरून मोजून बसवलं. नीट बसलं तेव्हा मी हळूच "झालं बघ" असं म्हणाले. कुणाला म्हणाले, तर विमानाला. हे लिहायला संकोच वाटतो, पण त्या वर्षात माझ्या सगळ्यात जवळचं कोण होतं असं विचारलं तर खरं उत्तर तेच आहे.

शेपटीकडचा भाग पसंत पडल्यावर त्यांनी मला नाकाची डावी बाजू दिली. वैमानिकाच्या खिडकीखाली तिथे छोट्या छोट्या बॉम्बच्या आकृत्या रंगवलेल्या होत्या, ओळीने. एक मोहीम पार पडली की एक आकृती. हे मला आधी माहीत नव्हतं. मला वाटलं होतं नक्षी आहे.

आमच्याकडे त्या बाजूचा एकच चांगला फोटो होता. गटाने विमानाचा जो दिवस धरला होता तो त्या फोटोचाच. विमानासमोर उन्हात उभी असलेली माणसं, हातात मग, एकाची टोपी तिरकी. सगळ्यात उजवीकडचा एक उंच मेकॅनिक नेमका ओळीच्या शेवटाशी उभा होता. शेवटची दिसणारी आकृती त्याच्या खांद्याला टेकली होती. त्याच्या खांद्याआड आणखी एक असेल किंवा नसेल.

रंगाचं तर आणखी वेगळंच. फोटो काळापांढरा, आणि त्या काळच्या काही फिल्मवर पिवळा रंग काळपट उठायचा. त्यामुळे आकृत्या पिवळ्या की आणखी कुठल्या, यावर गटात बराच वाद झाला. शेवटी त्याच हवाई तळावरच्या दुसऱ्या विमानांबद्दल कुणीतरी लिहून ठेवलेल्या आठवणींवरून पिवळा ठरला. वाद कितीही ताणला तरी कुणी कुणाला टाकून बोलत नसे. मला ते फार आवडायचं.

खांद्याआडचं कोडं सोडवायला त्या गृहस्थांनी मला तळाच्या जुन्या नोंदींची छायाचित्रं पाठवली. टाइप केलेली पानं. कुठल्या रात्री कुठलं विमान कुठे गेलं आणि शेवटी शेरा. इंजिन बिघडून किंवा हवामानामुळे विमान अर्ध्यातून परत आलं असेल, तर त्या रात्रीची आकृती नाकावर काढत नसत, असं त्यांनी सांगितलं. मी आकृत्या आणि रात्री जुळवत गेले. सगळ्या जुळल्या. फोटोच्या आधीच्या शेवटच्या रात्रीपाशी येऊन थांबले. विमान त्या रात्री निघालं होतं हे दिसत होतं. पण शेरा पानाच्या दुमडीत गेला होता. बॉम्ब टाकले की परत आलं, ते वाचता येत नव्हतं.

एवढंच असतं तर मी सरळ लिहून टाकलं असतं की माहिती मिळत नाही. पण मला प्रत्येक गाव नकाशावर शोधायची सवय लागली होती. कुणी सांगितलं नव्हतं. एखादं बंदर निघायचं, एखादं रेल्वे जंक्शन. त्या शेवटच्या रात्रीचं गाव शोधलं तेव्हा वर आलं, की ते पूर्वीपासून कापडाचं गाव आहे. गिरण्या, माग, रंगाची कामं. युद्धाआधीचा एक फोटो मिळाला. लांब दालनात रांगेने माग, आणि मागांच्या मधल्या अरुंद वाटेत डोक्याला रुमाल बांधलेल्या बायका. आमच्या एमआयडीसीतल्या कुठल्याही शेडमध्ये शिरलं तर अशीच वाट असते. अंग चोरून चालावं लागतं.

पप्पांची त्या आठवड्यात दुसरी पाळी होती. जायच्या आधी ते जेवत होते. मी लॅपटॉप तसाच उघडा ठेवून पाणी आणायला उठले, तर ते वाकून पडद्याकडे बघत होते.

"हे कुटलं गं? जुनं लूम दिसायलेत."

"जर्मनीतलं हाय, पप्पा. कापडाचं गाव हाय ते."

"आपल्यावानी?"

"व्हय. आपल्यावानीच."

"मग तुज्या इमानाचा आन् ह्याचा काय संबंद?"

मी सांगितलं. कदाचित ते विमान त्या गावावर गेलं होतं, कदाचित नाही. अजून कळलेलं नाही.

आई मशीनवरूनच म्हणाली, "म्हंजे बाम टाकाय गेलतं व्हय? आन् तू त्यालाच नटवायलीस वरीसभर?"

"नटवत न्हाई आई. जसं होतं तसं करायचं असतं."

"तेच म्हणते की."

पप्पांनी विचारलं, "दिवसा जायाचं का रात्री?"

"रात्री. दिवसा दिसलं की खालनं पाडायचे."

पप्पांनी चटणीत बुडवलेला घास तसाच हातात धरला. मग म्हणाले, "मग रातपाळी चालू असंल की."

ते वाईट वाटून म्हणाले असं नाही. रात्र म्हटल्यावर त्यांना पहिल्यांदा पाळीच आठवते, दुसऱ्या कुणाला चंद्र आठवत असेल तसं. त्यांनी घास खाल्ला. मग पुन्हा थांबून म्हणाले, "भोंगा वाजला असंल, पर आत काय ऐकू येतंय? लूम चालू असल्यावर माणूस कानात वरडला तरी कळत न्हाई." त्यांना स्वतःलाही आता कमी ऐकू येतं, त्यामुळे ते हे जरा मोठ्यानेच म्हणाले. हात धुतले, डबा घेतला आणि गेले.

मी खरोखर शोधलं. त्या रात्री गिरण्यांत पाळी चालू होती की नाही, धोक्याचा भोंगा वाजला होता की नाही. सापडलं नाही. बॉम्ब गावात पडले होते आणि माणसं मेली होती, एवढं सापडलं. कुठल्या विमानाचे बॉम्ब कुठे पडले ते कुणालाच सांगता येण्यासारखं नव्हतं, कारण विमानं पुष्कळ होती. तरी मला एकाच विमानाशी मतलब होता. ते परत फिरलं असावं, असं मला मनापासून वाटायला लागलं. इंजिन तापलं असेल. ढग आले असतील. त्या जातीच्या विमानांची इंजिनं बिघडायची, हे मी वाचलं होतं, आणि आता तीच वाक्यं शोधून शोधून वाचत होते. ज्याचं एकेक ठिगळ मी जागेवर बसवलं त्याने हे केलेलं नसावं, असं वाटणं चूक आहे हे मला कळत होतं. आधीच्या बंदरांवर आणि जंक्शनांवर ते गेलंच होतं की. तिथेही माणसं होती. त्या आकृत्या मी मुकाट्याने रंगवल्या होत्या. पण या एका गावाच्या बाबतीत माझं मन ऐकेना.

हे कुणाशी बोलावं? गटात पहिल्याच पानावर लिहिलेलं आहे की इथे फक्त विमानाविषयी बोलावं, युद्ध बरोबर की चूक यावर नको. नियम योग्यच आहे. नाही तर तिथे भांडणंच झाली असती. सरांना मी एकदा लॅबमध्ये विचारलं, "सर, आपण जी वस्तू बनवतो तिच्याबद्दल आपल्याला असं काही वाटलं तर?" सर दुसऱ्या मुलाच्या गाडीच्या चाकात गुंतले होते. ते म्हणाले, "छान वाटणं चांगलंच आहे. पण सबमिशनची तारीख लक्षात ठेव." मी हो म्हणाले.

मी त्या गृहस्थांना लिहिलं. खरा प्रश्न विचारला नाही, फक्त एवढंच, की पुरावा नाही तर ओळीच्या शेवटी काय करू? त्यांचं उत्तर सौम्य होतं. मॉडेलमध्ये तो मेकॅनिक नाही, त्यामुळे ती जागा उघडी दिसणार. आकृती काढा किंवा काढू नका, दोन्ही मान्य आहे. तुम्ही नाक सगळ्यांपेक्षा जास्त पाहिलं आहे, तुम्हीच ठरवा. खाली एक टीप द्या म्हणजे झालं.

मी ती आकृती वेगळ्या लेअरवर काढून ठेवली. लेअर चालू केला की ती दिसायची, बंद केला की नाहीशी. कितीतरी सकाळी मी नुसतं तेवढंच केलं. चालू, बंद. नाहीशी झाली की बरं वाटायचं. कुणीही मला खोटं म्हणू शकलं नसतं. टीप दिली असती, दोन्ही बाजू प्रामाणिकपणे लिहिल्या असत्या आणि विमान त्या आकृतीशिवाय उभं राहिलं असतं. पण बंद करताना मी पुराव्याचा विचार करत नव्हते, हे मला माहीत होतं. म्हणून ठरवता येईना.

मग मी फोटो शोधायला लागले. त्या तळावर काम केलेल्या माणसांची नातवंडं आपल्या घरचे जुने अल्बम इंटरनेटवर टाकतात. बऱ्याच फोटोंखाली 'आजोबा, युद्धात' एवढंच असतं. मी शेकड्यांनी बघितले. दुसऱ्यांच्या आजोबांचे फोटो, सायकलवर, कुत्र्याबरोबर, लग्नात. त्यातली कुणीच माणसं माझी नव्हती. तरी रोज बघून बघून काही चेहरे ओळखीचे वाटू लागले. एकदा रिक्षात बसलेल्या एका माणसाला मी उगीच ओळख दिली. तोही गोंधळून हसला.

तो फोटो मिळाला तेव्हा दुपार होती आणि आई कडा शिवत होती. कुणाच्या तरी नातीने टाकलेला, धूसर, कोपरा दुमडलेला. विमानाच्या नाकाखाली गवतात बसलेली तीन माणसं. क्रमांक दिसत नव्हता. पण बाजूच्या खिडकीखाली ठिगळ होतं, नागमोडी कडांचं, एका बाजूला किंचित कललेलं. ते ठिगळ मी कुठेही ओळखलं असतं. एका माणसाची टोपी तीच, तशीच तिरकी. त्याच दिवसाचा, बहुधा त्याच कॅमेऱ्यातला फोटो. उंच मेकॅनिक आता पलीकडे जाऊन उभा होता.

मी लगेच मोठा करून पाहिला नाही. उठून माठातलं पाणी प्यायले. आईला विचारलं, "चहा ठेवू का?" ती म्हणाली, "एवढ्या उन्हाचं?" मग परत येऊन बसले आणि मोठा केला.

आकृती होती. बाकीच्यांहून उठून दिसत होती. कडा टोकदार, रंग सपाट, धूळ न बसलेला. जुन्या आकृत्या ऊनपावसाने विटलेल्या होत्या आणि ही ताजी होती. ब्रश उचलून फार दिवस झालेले नसावेत.

मी त्या नातीला थोडक्यात लिहून फोटो वापरायची परवानगी मागितली. तिने लगेच दिली. तिच्या आजोबांनी युद्धाबद्दल घरात कधीच काही सांगितलं नाही, असं तिने लिहिलं, आणि विमान तयार झाल्यावर मला दाखवशील का, असं विचारलं. मी हो म्हणाले. तिला आणखी काहीतरी लिहावंसं वाटत होतं. तीन वेळा लिहायला घेतलं आणि पुसलं. आजोबांवर प्रेम असलेल्या माणसाला त्या गावाबद्दल कसं लिहायचं?

आकृती रंगवायला मला सगळ्यात जास्त वेळ लागला. आकार एकच, पण ती ताजी दिसायला हवी होती. मी बाकीच्यांना दिला होता तसा विटकेपणा तिला दिला नाही. कडा साफ ठेवल्या. कापड जिथे जाळीच्या पट्टीवर उंच होतं तिथे रंग जरासा जाड केला, कारण ब्रश तिथे अडखळत असणार. रंगवणारा कोण असेल, हा विचार येत होता. कुणीतरी माझ्याच वयाचा, शिडीवर उभा राहून, हात हलू नये म्हणून श्वास रोखून. त्यालाही ते काम नीट झालेलं हवं असणार. मी फाइल पाठवली. टिपेत दुसऱ्या फोटोचा उल्लेख केला आणि त्या रात्रीच्या गावाचं नाव लिहिलं. बाकी कुठल्याच आकृतीखाली गावाचं नाव लिहिलेलं नव्हतं. ते काढून टाकतील असं वाटलं होतं.

उत्तर लवकर आलं. हा फोटो म्हणजे मोठा शोध आहे, सगळ्यांकडून अभिनंदन, नाकाची डावी बाजू पक्की झाली. गावाचं नाव त्यांनी ठेवलं होतं. त्याबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं. गटातल्या माणसांनी एकामागून एक टाळ्यांची चित्रं टाकली. मी ती बघत बसले. आनंद झाला नाही असं म्हणणार नाही. फक्त तो कुठे ठेवायचा ते कळेना.

पप्पा जेवायला बसले तेव्हा मी सांगितलं, "पप्पा, गेलतं ते."

"कोन?"

"इमान. त्या कापडाच्या गावावर. फोटो मिळाला."

पप्पांनी ताट जरा बाजूला सारलं. मग म्हणाले, "दाखव की."

मी लॅपटॉप त्यांच्यासमोर जमिनीवर ठेवला आणि विमान फिरवून नाक पुढे आणलं. वर्षभरात त्यांनी ते पहिल्यांदाच नीट पाहिलं. हात उष्टा होता, म्हणून डाव्या हाताने डोळ्यांवर सावली धरून ते वाकले.

"कुटं हाय?"

"हे बघा, खिडकीच्या खाली. ओळ हाय ना, तिच्या शेवटाला."

"ह्यो पिवळा ठिपका?"

मी मोठं करून दाखवलं. ठिपक्याचा बॉम्ब झाला, बारीक शेपटीसकट.

"एवढंच?" पप्पा म्हणाले.

"एवढंच."

ते तसेच बघत राहिले. आतून आईने भाकरी हवी का म्हणून विचारलं. त्यांना ते ऐकू आलं नाही, आणि त्यांच्या वतीने उत्तर द्यायचं मलाही सुचलं नाही.